लहान मुलांसवें निसर्गोद्यानांत

लहान मुलांचें बोट धरून एखाद्या निसर्गोद्यानांत जाणें ही गोष्ट वरवर पाहतां अगदीं सोपी वाटते. डबा घ्यावा, पाण्याची बाटली घ्यावी, झाडांखालून एक फेरी मारावी व परत यावें, एवढेंच तें काम! मीहि असेंच समजत होतों. आपल्या शाळेंतील वरच्या वर्गांच्या विद्यार्थ्यांवर सुटींत धाकट्या भावंडांना सांभाळण्याचें काम हटकून येतें, व पालकांना तर तें बारा महिने असतें. म्हणून या बाबतींत मला चुकतमाकत जें समजलें तें येथें सांगतों.

मुंबईंत शीव व धारावी यांच्यालगत, मिठी नदीच्या कांठीं, महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. त्याचा विस्तार सुमारें ३७ एकर. आज तेथें दाट झाडी दिसते. परंतु पूर्वीं या जागीं शहराचा कचरा टाकीत असत. त्या कचऱ्याच्या ढिगांवर माती पसरून झाडें लावण्यांत आलीं, आणि १९९४ सालीं उद्यान लोकांस खुलें झालें.

पहिल्या खेपेस मी पहिली-दुसरीचीं तीस मुलें घेऊन गेलों. शिक्षकाची खोड ती, सुटीच्या दिवशींहि सुटत नाहीं! प्रत्येक झाडापाशीं मुलांना थांबवावयाचें, मीं नांव सांगावयाचें व त्यांनीं तें मोठ्यानें म्हणावयाचें, असा क्रम चालला. तासाभरांत वीस झाडें झालीं व मी मनांतून संतुष्ट झालों. दुसऱ्या दिवशीं वर्गांत विचारून पाहतों तों एकालाहि चार नांवें धड सांगतां येईनात. मात्र एका मुंगळ्यानें आपल्याहून मोठा किडा वाटेवरून कसा ओढीत नेला, हें साऱ्यांना बिनचूक आठवत होतें. मीं तो मुंगळा पाहिलाहि नव्हता! पाहणार कसा? सहा वर्षांच्या मुलाचे डोळे जमिनीपासून दोन-सव्वादोन हातांवर असतात. आपण शेंड्याकडे बोट दाखवितों, व तीं बुंध्याशीं काय चाललें आहे तें पाहत असतात.

प्रसिद्ध पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांची बालपणींची हकीकत पुष्कळांस ठाऊक असेल. शाळकरी वयांत त्यांनीं हवेच्या बंदुकीनें एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, हा प्रश्न घेऊन ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटींत गेले. तेथील चिटणीस मिलार्डसाहेब यांनीं त्या पोराला नुसतें नांव सांगून वाटेस लावलें नाहीं. त्यांनीं कपाटांचे खण उघडून पेंढा भरून ठेवलेले पक्षी त्याला दाखविले. येथें प्रश्न आधीं आला व नांव मागून आलें, ही गोष्ट ध्यानांत धरण्याजोगी आहे. मीं नेमका उलटा क्रम धरला होता.

दुसऱ्या वेळीं पावसाळा सरल्यावर मी आठच मुलें नेलीं, व नांवें सांगावयाचीं नाहींत असें मनाशीं ठरविलें. एका कढीलिंबाच्या झुडपापाशीं एक मुलगा म्हणाला, "सर, पानावर पांखरू शिटलें आहे." आम्ही पाहत असतांच ती शीट चालूं लागली! काय तो गोंधळ! ती एका फुलपाखराची अळी होती. कढीलिंबावर व लिंबाच्या जातीच्या झाडांवर वाढणाऱ्या कांहीं फुलपाखरांच्या अळ्या लहानपणीं हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, म्हणजे पक्षी त्यांच्या वाटेस जात नाहींत. मोठेपणीं त्याच अळ्या पानांसारख्या हिरव्या होतात. गवताच्या काडीनें तिला हळूच डिंवचतांच डोक्यामागून दोन फांट्यांचें तांबडें शिंग बाहेर आलें व उग्र वास सुटला. आठांपैकीं सातजण मागें सरले. आठवा नाक पुढें करून पुन्हां वास घेऊं लागला. त्या एका झुडपापाशीं आमचा पाऊण तास गेला, आणि तो वायां गेला असें मला मुळींच वाटलें नाहीं. (घरीं कुंडींत कढीलिंब असेल तर पालकांनीं पानें कुरतडलेलीं दिसतांच औषध मारण्याची घाई करूं नये, एवढी माझी विनंती आहे.)

नदीच्या बाजूस तिवरांची राई आहे. तेथें चिखलांतून पेन्सिलींसारखीं मुळें वर आलेलीं दिसतात. चिखलांत हवा खेळत नाहीं, म्हणून हीं मुळें हवेसाठीं डोकें वर काढतात. तिवराच्या पानावर साठलेले मिठाचे कण भिंगांतून पाहावे. मात्र मुलांना जिभेनें चाटूं देऊं नये, कारण मिठी नदीचें पाणी फार मलिन आहे. रुईच्या चिकाचा हातहि डोळ्यांस लागूं नये म्हणून जपावें. बाकी सूचना कसल्या? सकाळीं लवकर जावें, व मुलें कंटाळण्यापूर्वीं परतावें.

परततांना एका मुलीनें विचारलें, "सर, इथला कचरा कुठें गेला?"

"कुजून त्याची माती झाली," मीं झटकन् उत्तर दिलें.

तिला तें पटलें नसावें. वाटेच्या कडेस पावसानें माती वाहून गेली होती. तेथें तिनें काडीनें थोडें उकरलें व मळकट प्लॅस्टिकच्या पिशवीचा एक तुकडा ओढून काढला. मला कांहीं बोलतां येईना. तिचे वडील भंगार निवडण्याचा धंदा करतात हें मला ठाऊक होतें. वर्गांत ती त्याविषयीं अवाक्षरहि काढीत नसे. तिनें तो तुकडा कानाशीं नेऊन चुरगळला व म्हणाली, "हें नाहीं कुजत, सर. कुरकुर वाजतें तें निराळें, मऊ असतें तें निराळें. माझे बाबा नुसत्या आवाजावरून ओळखतात."

"आम्हांला ऐकूं दे!" म्हणत सातहि जण तिच्याभोंवतीं जमले. ती एकेकाच्या कानाशीं तुकडा चुरगळून दाखवूं लागली, व प्रत्येकाला "आतां सांग, हें कुठलें?" असें विचारूं लागली. मीहि रांगेंत उभा राहिलों, आणि माझें उत्तर चुकलें. फाटकापाशीं आल्यावर तो तुकडा मीं मागितला. तिनें दिला नाहीं. घरीं बाबांना दाखवावयाचा होता.