सायकल केव्हा कुरकुरते?

पेडल मारताना ‘कट्’ असा आवाज येतो म्हणून सायकल दुकानात नेली, की बहुतेक ठिकाणी एकच निदान ऐकू येतं: बीबी गेली. बीबी म्हणजे बॉटम ब्रॅकेट, दोन्ही क्रँक जिच्यावर फिरतात ती फ्रेमच्या तळाची बेअरिंग. कधी ती खरोखरच गेलेली असते. माझ्या सायकलीची ठणठणीत होती, तरी दुकानात ती बदलली गेली. पाठोपाठ चेनही बदलली. आवाज जिथल्या तिथे. खडकवासल्यापर्यंत सपाटीला सायकल मुकाट चालायची आणि डोणजे सोडून सिंहगडाचा घाट लागला, की उजवा पाय खाली गेल्याबरोबर कट्. पुन्हा उजवा पाय खाली, पुन्हा कट्. कान देऊन ऐकलं तर तो बीबीतूनच येतोय, अशी कुणाचीही खात्री पटली असती.

पेठेतल्या एका जुन्या मेकॅनिककाकांनी सायकलीला हातही न लावता विचारलं, “उभ्यानं मारल्यावरपण येतो का हो?”

मी रस्त्याच्या टोकापर्यंत उभ्याने मारत जाऊन आलो. आवाज नव्हता. बसून जोर लावून मारली, आवाज हजर.

“मग खाली काय शोधताय? सीट काढा.”

सीट उलटी केली. तिच्या खाली दोन रेल असतात, साधारण ७ मिलिमीटर जाडीच्या सळ्या. सीटपोस्टची पकड याच सळ्यांना आवळून धरते. घाम आणि धूळ मिळून त्यांच्यावर काळी पुटं चढली होती. काकांनी रॉकेलच्या फडक्याने ती पुसली, तेव्हा पकड जिथे संपते नेमकी त्या कडेला उजव्या रेलवर केसाएवढी रेघ दिसली. ओरखडा असेल असंच वाटावं. काकांनी रेल अंगठ्याने दाबली आणि रेघ उघडली. सोडली तशी मिटली, आणि मिटताना बाकड्यावरच तो ओळखीचा आवाज आला. कट्. रेल अर्ध्याहून जास्त तुटलेली होती. घाट उतरताना, वेगात, खड्ड्यात चाक जाऊन ती पूर्ण तुटली असती, तर सीट अंगाखालून एका बाजूला कलंडली असती. त्या विचाराने आजही माझ्या पोटात गोळा येतो, आणि हे सगळं लिहायला बसलो ते त्यासाठीच.

आवाजाची जागा ओळखण्यात कान फसतो. फ्रेम म्हणजे एकमेकींना जोडलेल्या पोकळ नळ्या. जुन्या वाड्यात वरच्या मजल्यावर पाइप ठोकला, की खालच्या मोरीत खणखणतं, तसंच इथे होतं. सीटचा आवाज बीबीत ऐकू येतो, हँडलचा पुढच्या चाकात, आणि मागच्या एक्सलचा तर कुठेही. म्हणून आवाज कुठून येतो हे आधी विचारूच नका. तो केव्हा येतो, हे विचारा.

पहिली परीक्षा पाय थांबवण्याची. चालत्या सायकलीवर पेडल मारणं बंद केलं आणि आवाज चालूच राहिला, तर पेडल, क्रँक, बीबी आणि चेन यांच्यावरचा संशय जवळजवळ मिटला. चाकं, ब्रेक, मडगार्ड, कॅरिअर पाहा. आवाजाची लयही बोलते. साध्या रोड सायकलीच्या चाकाचा घेर सुमारे २.१ मीटर, म्हणजे ताशी २० किलोमीटरला चाक सेकंदाला अडीचहून जास्त फेऱ्या घेतं. पेडल मात्र सेकंदाला फेरी-सव्वाफेरीच फिरतं. तेव्हा घाईघाईची टिकटिक चाकाची आणि संथ ठोका पेडलाचा, हे लवकर कळायला लागतं.

चेनीचा ठोका या दोन्हींत बसत नाही, आणि तो भल्याभल्यांना चकवतो. समजा, पुढच्या चकतीला ४४ दाते आहेत आणि चेनीला ११० कड्या. पेडलाच्या एका फेरीत ४४ कड्या पुढे सरकतात, म्हणजे अख्खी चेन फिरून यायला अडीच फेऱ्या लागतात. त्यामुळे एखादी कडी जाम झाली असेल तर ठोका एकदा उजव्या पायाला पडतो आणि पुढच्या वेळी डाव्या. पाय बदलत येणारा आवाज ऐकला, की थेट चेनीकडे वळावं. सायकल उभी करून पेडल हळूहळू उलटं फिरवा. गिअरची सायकल असेल तर मागच्या डिरेलरच्या छोट्या चाकावरून जाताना जाम कडी उडी मारते, ती डोळ्यांना दिसते. तिथे थेंबभर तेल सोडून कडी दोन्ही अंगठ्यांनी आडवी हलवली तर बहुधा सुटते. नवी चेन घ्यायची गरज नसते.

दुसरी परीक्षा काकांनी घेतली ती, बसून आणि उभ्याने. उभ्याने आवाज गेला, तर सीट, तिची पकड किंवा सीटपोस्ट. सीटपोस्ट बाहेर काढण्याआधी उंचीच्या खुणेला चिकटपट्टी लावा, मग पोस्ट आणि नळीची आतली बाजू पुसून ग्रीसचा पातळ हात फिरवा. कार्बनच्या भागांना ग्रीस लावू नये. त्यांची वेगळी पेस्ट मिळते. उलट, उभ्याने मारल्यावरच कुरकुर होत असेल, तर हँडल आणि स्टेम, म्हणजे हँडल धरून ठेवणारा तुकडा, यांचे जोड पाहा. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा आणि दुसऱ्या हाताची बोटं हेडसेटच्या, म्हणजे हँडल जिच्यावर वळतं त्या बेअरिंगच्या, सांध्यावर ठेवा. ढिलाई बोटांना लगेच जाणवते.

बसून आणि उभ्याने, दोन्ही वेळी आवाज येत असेल, तर पेडलं. ती काढून, आटे पुसून, ग्रीस लावून परत बसवली की कितीतरी ‘गेलेल्या’ बीबी बऱ्या होतात. डाव्या पेडलाचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतं. हे माहीत नसताना जोर लावला तर क्रँकचे आटेच जातात. मागच्या चाकाची क्विक रिलीज हीसुद्धा अशीच दुर्लक्षित जागा. कोरड्या पडलेल्या एक्सलची कुरकुर पेडलाच्या तालावर येते, म्हणून तिच्यावर कुणाचा संशय जात नाही. चाक काढून टेकण्याच्या जागा पुसायला काहीच खर्च येत नाही, तेव्हा सुरुवात तिथून करावी. पावसाळ्यात तर हे आधीच करावं. आपल्याकडच्या रस्त्यांवरची कच प्रत्येक सांध्यात शिरते.

जुन्या काळ्या दणकट सायकली अजून गावोगावी कामावर जातात. त्यांच्यात क्रँक कॉटर पिनेने बसवलेला असतो. पेडलाच्या प्रत्येक फेरीला खट् होत असेल आणि पायाला किंचित हिसका जाणवत असेल, तर कॉटर पाहा. नट आवळून किंवा वरून हातोडी मारून आठवडा निभावतो, पण ढिल्या कॉटरवर सायकल चालवत राहिलं तर एक्सलच खाल्ला जातो. नवा कॉटर स्वस्त असतो.

एका वेळी एकच गोष्ट करा, मग सायकल मारून पाहा. पेडल, सीट, चाक सगळं एकदम उघडून साफ केलं तर आवाज जाईलही, पण कशाने गेला ते कळणार नाही, आणि तो परत आला की पुन्हा सगळं उघडावं लागेल. आवाज आला म्हणून दिसेल तो बोल्ट आवळत सुटणं तर धोक्याचं. स्टेमवर किती न्यूटन-मीटर ते बहुधा कोरलेलं असतं, पुष्कळदा ५ च्या आसपास. त्यापुढे गेलो तर चांगल्या हँडलाला आपणच इजा करतो.

काही आवाजांना मात्र सपाटी, चढ, परीक्षा काही लावू नये. सायकल पडल्यानंतर पुढच्या बाजूने नवा आवाज सुरू झाला, तर उतरा आणि चालत घरी या. ॲल्युमिनियम तुटण्याआधी फारशी सूचना देत नाही. बारीक तडा लहानलहान ताणांनी वाढत जातो आणि एक दिवस भाग तुटतो. क्रँकवर पेडलाच्या भोकाभोवती, हँडलवर स्टेमच्या कडेला, सीटच्या रेलवर पकडीच्या कडेला अशा जागा आधी पुसून, उजेडात बघा. हँडलची टेप बदलताना खालचा धातूही पाहा. घामाने तिथे पांढरी पूड धरलेली असेल, तर ती खरवडून खाली खड्डा किंवा रेघ आहे का ते तपासा. रेघ दिसली तर वेल्डिंगवाल्याकडे जाऊ नका, हँडल बदला.