आमच्या घरची पॉवर टूल्सची पेटी

इंजिनिअरिंगला अ‍ॅडमिशन मिळाली की एक गोष्ट हमखास घडते. सुट्टीत गावी गेलं की आत्या, मावशी, शेजारच्या काकू, सगळ्याजणी "आता काय बाबा, आमचा मिक्सर तूच बघ" म्हणून मोकळ्या होतात. आपण मेकॅनिकलला आहोत की कॉम्प्युटरला, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं! मीही असाच मिक्सर, टेबलफॅन, दाराच्या कड्या असं करत करत घरासाठी पॉवर टूल्स जमवायला लागलो. तीन वर्षांत पेटीत काय आलं, काय मुद्दाम येऊ दिलं नाही आणि का, ते या लेखात सांगणार आहे. पण त्याआधी एक कबुली द्यायची आहे.

सेकंड इयरला ऐन पावसाळ्यात आम्हाला रूममध्ये पुस्तकांसाठी फळी लावायची होती. एक जुनं, धातूच्या बॉडीचं ड्रिल मशीन मागून आणलं. त्याचा थ्री-पिन प्लग कधीच तुटून गेला होता, वायरीची टोकं उघडीच होती. मी दोन वायरी सॉकेटमध्ये खुपसून काडेपेटीच्या काड्या ठोकल्या. तिसरी, हिरवी, मागे दुमडून चिकटपट्टी लावली. "अर्थिंगशिवाय पण चालतं रे" हे वाक्य माझंच. रूममेट लोखंडी कॉटवर अनवाणी उभा, एक हात ओल आलेल्या भिंतीला टेकलेला. दोनेक मिनिटांत त्याच्या तोंडून चमत्कारिक आवाज आला. त्याला मशीन सोडताच येईना. सॉकेटचं बटण माझ्यासमोर होतं, पण ते बंद करायचं मला सुचलं नाही. मी वायरीला हिसका दिला आणि तो कॉटवरून खाली पडला. मनगट मोडलं, तळहात भाजला, दोन पेपर बुडाले. त्याने मला आजवर एका शब्दाने बोल लावलेला नाही. लावला असता तर बरं वाटलं असतं.

असो. झालं काय, ते आपल्या अभ्यासक्रमातच आहे. मशीनच्या आत फेज वायरीचं इन्सुलेशन खराब होऊन ती बॉडीला टेकली. हिरवी वायर जोडलेली असती तर करंट तिकडून जमिनीत गेला असता आणि बहुधा फ्यूज उडाला असता. ती नव्हती, म्हणून वाट माझ्या मित्राच्या अंगातून गेली. साधारण 10 मिलिअँपिअरच्या पुढे हाताचे स्नायू असे आखडतात की माणूस धरलेली वस्तू सोडू शकत नाही. एमसीबी असता तरी उपयोग नव्हता. 6 अँपिअरच्या एमसीबीला 50 मिलिअँपिअर म्हणजे काहीच नाही. तो वायर वाचवायला असतो, माणूस वाचवायला नाही. माणसासाठी असतो आरसीसीबी. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला की नाही हे तो बघत बसतो, आणि 30 मिलिअँपिअरचा फरक पडला की सेकंदाच्या अंशात लाईन तोडतो.

म्हणून आमच्या पेटीची पहिली खरेदी पेटीत नाहीच. ती मेन बोर्डात आहे. वायरमनकाकांकडून 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घेतला आणि अर्थिंग तपासून घेतलं. बाबा म्हणाले, "ड्रिल घ्यायला निघालास आणि हे काय घेऊन आलास?" मी त्यांना तेव्हा रूमची गोष्ट सांगितली नव्हती.

त्यानंतर ड्रिल. पुण्यात शिकत असाल तर रविवार पेठेतल्या बोहरी आळीत एक चक्कर माराच, मुंबईकरांसाठी नागदेवी स्ट्रीट आहे. घरासाठी 13 मिलिमीटर चक, 500 ते 600 वॅट, इम्पॅक्टची सोय, स्पीड कमी-जास्त करता येणारं आणि उलटं फिरणारं मशीन पुरेसं होतं. पण दुकानात वॅट बघायच्या आधी नेमप्लेट बघा. चौकोनाच्या आत चौकोन अशी खूण असेल तर मशीन डबल इन्सुलेटेड आहे. आतली वायर सुटली तरी ती हाताला लागू नये म्हणून मध्ये दुसरा थर असतो. अशा मशीनला दोनच पिना असतात आणि ते बरोबर आहे. खूण नसेल तर तिसरी पिन हवीच. (लोक नेमकं उलटं करतात. दोन पिनांच्या नव्या मशीनला नावं ठेवतात आणि जुन्याची तिसरी पिन कापतात!)

इम्पॅक्टवर पण फार भरवसा नको. त्यात दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून बिटला बारीक ठोके देतात. विटेच्या भिंतीला ते छान पुरतात. पण पडद्याचा रॉड कुठे येतो? खिडकीच्या वर, म्हणजे नेमका लिंटेलमध्ये, म्हणजे आरसीसीत. तिथे माझी दोन बिटं निळी पडली, भोक मात्र नखभर. आरसीसीला रोटरी हॅमर लागतो. त्यात पिस्टन हवेची उशी दाबून बिटवर घाव घालतो, आपल्याला जोर लावावा लागत नाही. पण वर्षातून एकदा लागणाऱ्या गोष्टीला तेवढे पैसे कशाला? मी तो एका दिवसासाठी भाड्याने आणला आणि घरातल्या चारही खिडक्या उरकल्या. तेव्हापासून माझा नियम असा की एखादं मशीन तीनदा मागून किंवा भाड्याने आणावं लागलं तरच ते विकत घ्यायचं.

भोक 6 मिलिमीटरचं तर प्लगही 6 चाच. या प्लगला दुकानात रॉल प्लग म्हणतात, कुणी गिट्टी म्हणतं. रॉल हे नाव जॉन रॉलिंग्ज या इंग्रज माणसाचं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं. आणखी एक, स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत भोक पाडू नका. गाडलेल्या वायरी बहुधा तिथूनच जातात.

बाबांना मात्र ग्राइंडर हवा होता, फाटक घासायला. चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे 11,000 फेरे घेतो. आता मशीन डिझाईनवाल्यांनो, πDN भागिले 60 करा: 3.14 गुणिले 0.1 गुणिले 11,000 भागिले 60, म्हणजे सेकंदाला साधारण 57 मीटर, म्हणजेच ताशी 200 किलोमीटरच्या वर. चकती फुटली तर तुकडे या वेगाने निघतात आणि आपलं तोंड हातभर अंतरावर असतं. ग्राइंडर आम्ही घेतला, पण अटी घातल्या. गार्ड काढायचा नाही. पाच इंची चकती गार्ड काढून बसवायची नाही. चकतीवर छापलेला कमाल वेग मशीनच्या वेगापेक्षा जास्तच हवा. पुष्कळ चकत्यांच्या मधल्या कड्यावर मुदतही छापलेली असते, ती वाचायची. चष्मा प्रत्येक वेळी. आणि लाकूड कापायचं दातेरी पातं ग्राइंडरला लावायचं नाही म्हणजे नाही. पातं लाकडात अडकलं की मशीन अंगावर उसळतं. दुकानदार ते हसत हसत देतो, म्हणून सांगतोय.

ड्रिलच्या वेळी उलटा नियम आहे, बरं का: हातमोजे घालायचे नाहीत. मोज्याचा धागा बिटमध्ये गुंतला की बोटं मागोमाग जातात. ओढणी, सैल बाह्या, गळ्यातली चेन, इअरफोन यांचंही तेच.

कॉर्डलेसबद्दल ज्युनिअर्स फार विचारतात. 18 व्होल्टचं घेऊ की 20 चं? अहो, बहुतेक वेळा ते एकच असतं! लिथियमचे पाच सेल, प्रत्येकी 3.6 व्होल्ट, म्हणून 18. पूर्ण चार्ज झाल्या झाल्या 20 च्या आसपास, म्हणून डब्यावर 20. दहा पूर्णांक आठ आणि बारा यांचंही तसंच, तीन सेलचं. खरा प्रश्न वेगळा आहे. एका कंपनीची बॅटरी सहसा दुसऱ्या कंपनीच्या मशीनला बसत नाही, त्यामुळे पहिल्या मशीनबरोबर आपण पुढची सगळी मशीन ठरवून टाकतो. मी अजून घेतलेलं नाही. हॉस्टेलला असणाऱ्याने घेऊच नये. सेमिस्टरभर रिकामी पडलेली बॅटरी पुन्हा चार्ज होईलच असं नाही.

एक्स्टेंशन बोर्ड 1.5 चौरस मिलिमीटरच्या वायरीचा स्वतः बनवला. गुंडाळी पूर्ण सोडूनच वापरायचा, गुंडाळलेली वायर तापते.

यंदा मे महिन्यात जिगसॉ घ्यायचा विचार आहे, दोनदा मागून आणून झाला, तिसरी वेळ बाकी आहे. मागच्या महिन्यात रूममेटने त्याच्या घरी ड्रिल घेतलं. दुकानातूनच फोन केला. मनगट अजून थंडीत दुखतं म्हणाला, आणि मग विचारलं, "ए, ते चौकोनात चौकोन कुठे असतं रे, नेमप्लेटवर की खोक्यावर?"