परदेशात माल बघायला जाताय? हॉस्पिटलचे पैसे वेगळे ठेवा



मागच्या व्हिडिओत मी बोलता बोलता म्हणाले, "बँकॉकला मनगट मोडलं तेव्हा एक धडा मिळाला." त्यावर कितीतरी जणांनी विचारलं, ताई, नेमकं काय झालं? व्हिडिओत वेळ कमी पडतो, म्हणून इथे सगळं हिशोबासकट लिहितेय.

सांगलीत माझं इमिटेशन ज्वेलरी आणि हेअर ॲक्सेसरीजचं दुकान आहे. दिवाळीच्या मालासाठी सप्टेंबरमध्ये मी बँकॉकला गेले होते. सोबत याच धंद्यातली कोल्हापूरची एक मैत्रीण होती. तिथल्या चायनाटाउनमध्ये सांपेंग नावाची होलसेल गल्ली आहे. ती इतकी अरुंद, की दोन माणसं जेमतेम शेजारी चालतील, आणि त्यातूनच मालाच्या ढकलगाड्या आणि मोटरसायकली जातात. मी कानातल्यांचा भाव करत उभी होते. मागून खोक्यांनी भरलेली गाडी आली, धक्का बसला आणि मी डाव्या हातावर पडले. हात लगेच सुजला.

दुकानदारीणबाईंनी बर्फ दिला, टॅक्सी बोलावली. जवळच्या खासगी हॉस्पिटलमध्ये गेलो. काउंटरवर पहिले दोन प्रश्न: पासपोर्ट? आणि पैसे कसे देणार?

मी ऐटीत विम्याची पॉलिसी दाखवली. त्यांनी शांतपणे सांगितलं, "ॲडमिट झालात तर विमा कंपनीशी बोलून कॅशलेस बघू. ओपीडीचं बिल तुम्ही भरा, मग कंपनीकडून घ्या." पॉलिसीतही तसंच लिहिलं होतं, मी वाचलं नव्हतं!

क्रेडिट कार्ड होतं, पण त्याचा इंटरनॅशनल वापर बंद. ॲपमधून चालू करायला गेले तर ओटीपी भारतातल्या सिमवर, आणि त्याला रोमिंग नाही. शेवटी माल घेण्यासाठी नेलेल्या पैशातून बिल भरलं.

आता हिशोब बघा

एक्स-रे, डॉक्टर, प्लास्टर, औषधं मिळून २४,६०० बाहत. तेव्हाच्या भावाने साधारण ६१,५०० रुपये.

- पॉलिसीप्रमाणे पहिले १०० डॉलर माझे: सुमारे ८,५०० रुपये
- औषधांची एक पावती हरवली: ४,५०० रुपये
- विम्याकडून मिळाले: ४८,५०० रुपये

म्हणजे खिशातून गेले १३,०००. वाटतं, चला, स्वस्तात सुटलो. पण थांबा. कागदांवर एकदा शंका निघाली, आणि पैसे खात्यात आले ते भाऊबीज झाल्यावर. तोवर ६१,५०० चा माल मी घेऊच शकले नव्हते. कार्गो, ड्युटी जाऊन त्यावर मला २० हजार तरी सुटले असते. ऐन दिवाळीत गिऱ्हाईक ट्रे बघून "नवीन काही नाही का?" विचारत परत गेलं. खरं नुकसान ३३ हजारांचं.

विमा पैसे परत देतो, गेलेला सीझन परत देत नाही. आजचा धडा एवढाच आहे.

जाण्यापूर्वी

१. विमा भारतातून निघण्यापूर्वीच घ्या. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे, त्यामुळे तिथे जाणारे घेतातच. थायलंडला जाताना मला कुणीही विचारलं नाही. कुणी विचारत नाही म्हणून सोडू नका. घरची मेडिक्लेम परदेशात चालेल असंही धरू नका, बहुतेक पॉलिसी भारतापुरत्याच असतात.

२. पॉलिसीत चार गोष्टी शोधा: ओपीडी कशी मिळते, आपला वाटा किती, जुन्या आजारांचं काय, आणि काय चालत नाही. दारू पिऊन झालेला अपघात किंवा लायसन्स नसताना भाड्याने घेतलेली स्कूटर यात क्लेम बहुधा अडकतोच.

३. एक क्रेडिट कार्ड फक्त हॉस्पिटलसाठी. इंटरनॅशनल वापर चालू, सिमला रोमिंग चालू. त्या कार्डावर मालाचा एक रुपयाही घालायचा नाही.

४. पॉलिसी नंबर आणि कंपनीचा मदत क्रमांक कागदावर लिहून पासपोर्टसोबत ठेवा. मोबाइल फुटला तर पीडीएफ काय कामाची? एक प्रत घरी द्या.

अपघात झाल्यावर

आधी उपचार, मग हिशोब. थायलंडमध्ये ॲम्ब्युलन्ससाठी १६६९ आणि टुरिस्ट पोलिसांसाठी ११५५ हे नंबर आहेत. दुसरीकडे जाणार असाल तर तिथले नंबर आधीच लिहून घ्या.

त्याच दिवशी विमा कंपनीला फोन करा. ॲडमिट व्हायचं असेल तर शक्यतो ॲडमिट होण्यापूर्वीच. कुणाच्या वाहनाने धडक दिली असेल तर पोलिसांची नोंद घ्या. भारतीय दूतावास घरच्यांशी संपर्क, मार्गदर्शन अशी मदत करतो, पण बिल तो भरेल असं समजू नका.

मला तिथल्या डॉक्टरांनी ऑपरेशनबद्दलही विचारलं होतं. मी एक्स-रे व्हॉट्सॲपवर सांगलीच्या हाडांच्या डॉक्टरांना पाठवला. दोन्ही डॉक्टरांचं मत पडलं, सध्या प्लास्टर करून घरी जाता येईल. प्रत्येक फ्रॅक्चरला हे चालत नाही, पण तब्येत स्थिर असेल तर दुसरं मत जरूर घ्या.

हॉस्पिटलमधून निघताना

- डॉक्टरांचा रिपोर्ट इंग्रजीत, त्यात अपघात कसा आणि कधी झाला ते लिहिलेलं हवं
- प्रत्येक बाबीचं वेगळं बिल, पैसे भरल्याची मूळ पावती, एक्स-रे
- विमानप्रवास चालेल असं पत्र

शेवटचं विसरू नका. ताज्या प्लास्टरमध्ये विमानात हात सुजून आवळू शकतो. म्हणून पहिल्या एक-दोन दिवसांत प्रवास असेल तर प्लास्टर चिरून द्यावं लागतं. डॉक्टर आणि एअरलाइन दोघांनाही विचारा. आणि प्रत्येक कागदाचा तिथल्या तिथे फोटो काढा. माझे साडेचार हजार त्या एका फोटोअभावी गेले.

आजचा होमवर्क

परदेशात जाणार असाल-नसाल, वहीत दोन रकाने करा: "माल" आणि "अडचण". दुसऱ्या रकान्यात पैसे नसतील तर पहिल्यातले थोडे कमी करा. माल दहा टक्के कमी आला तर दुकान बंद पडत नाही. पण अडचण आली की ती सरळ मालाच्या पैशावरच हात टाकते, आणि तेही सीझनच्या तोंडावर.

माझं मनगट आता बरं आहे. या वर्षी पुन्हा सांपेंगला जाणार आहे, भिंतीकडेने चालत! भेटू पुढच्या व्हिडिओत.