आबांशी भांडण्यापूर्वी

हट्टी म्हाताऱ्याचा हट्ट त्याच्याबरोबर सरणावर जात नाही, तो सातबाऱ्यासारखा वारसांच्या नावावर चढतो. आमच्या भावकीत अशी तीन-चार घरं आहेत, जिथं भांडण नेमकं कशावरून लागलं हे आता कुणालाच सांगता येत नाही, पण बोलणं मात्र बंद आहे. माझे वडील, म्हणजे आबा, हयात आहेत, ऐंशी ओलांडलेत, आणि त्यांचं भांडण कशावरून आहे हे मला पक्कं ठाऊक आहे. ज्यांच्या घरी असेच आबा आहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आबांचं भांडण चुलतभावाशी, म्हणजे आमच्या नानांशी. आमचं गाव कृष्णाकाठचं, उसाचं. १९४७ च्या तुकडेबंदी-एकत्रीकरणाच्या कायद्यानंतर गावोगाव योजना आल्या, विखुरलेले सर्व्हे नंबर जोडून गट पाडले गेले. कागदावर गट पडले, पण लोकांनी आपापले जुने बांध सोडले नाहीत. आमच्याकडं तर उलटापालट झाली. आमच्या नावाचा गट नाना कसतात, नानांच्या नावाचा आम्ही. दोन्ही थोरले आजोबा होते तोवर कुणी कागद उघडून पाहिला नाही. आबांनी तरुणपणी याच जमिनीत विहीर पाडली, सुरुंग लावले, आईनं डोक्यावरून मुरूम वाहिला. पुढं नानांच्या पोरानं बँकेच्या कर्जासाठी मोजणी आणली. ‘क’ प्रत हातात आली तेव्हा विहीर नानांच्या गटात निघाली.

आबा एवढंच म्हणाले, "कागद खोटा." आणि त्या दिवसापासून नानांच्या घराकडं पाहणं बंद.

इथं आबांची बाजू घेतलीच पाहिजे. ज्या माणसानं खडक फोडला, त्याला विहीर दुसऱ्याची आहे असं सांगणारा कागद खोटाच वाटणार. हट्टी माणसाच्या मुळाशी बहुतेक वेळा एक खरी गोष्ट असते. ती कुणी मान्य करत नाही, म्हणून तो बाकीच्या दहा खोट्या गोष्टींवरही अडून बसतो. आबांशी बोलायला जाणारा प्रत्येक जण "जाऊ द्या आता, वय झालं" इथून सुरुवात करायचा. विहीर तुम्ही पाडली, हे आधी कुणी म्हणतच नव्हतं.

मग नानांनी गाडीवाट नांगरली. ऐन हंगामात तोड आली, टोळी बांधावर बसून राहिली आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला निघून गेली. उभ्या उसाला तुरा आला, वजन घटलं. अशा वेळी गावातले लोक दोन गोष्टी करतात, काठ्या काढतात किंवा गप्प बसतात. दोन्हीत नुकसान. आधीपासून वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडं दावा करता येतो, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. लोक देवदिवाळी, गुढीपाडवा, जत्रा करत बसतात आणि मुदत निघून जाते. रस्ता मुळातच नसेल तर वाट वेगळी: जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ प्रमाणे बांधावरून रस्ता मागायचा. मे २०२५ च्या शासन निर्णयानंतर असे रस्ते सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात नोंदवायचे आहेत. ती नोंद झाली का, हे स्वतः जाऊन पाहा. आदेश मिळाला म्हणून पेढे वाटणारे आणि नोंद न करणारे मी पाहिलेत.

अर्ज करा, पण अर्ज केलाय हे आबांना चारचौघांत सांगू नका. पारावर विषय निघाला की म्हातारा माघार घेऊच शकत नाही, तिथं त्याच्या बरोबरीची माणसं बसलेली असतात. घरी, जेवण झाल्यावर, एकट्यानं बोला. आणि निरोप्या माणसांना बाहेर ठेवा. आमच्याकडं एक पाहुणे होते, इकडचं तिकडं करण्यात पटाईत. नाना "विहिरीत माझाही हिस्सा लागतो" म्हणाले, ते आमच्या ओसरीवर येईपर्यंत "नाना विहीर बुजवणार" असं झालेलं. अशा माणसाला चहा द्यावा, विषय देऊ नये.

आता कानाचं सांगतो, कारण हे कुणी सांगत नाही. नानांची सून आबांना वाटेत "आबा, जेवला का?" म्हणायची आणि आबा सरळ निघून जायचे. तिच्या घरी त्याचा अर्थ एकच लावला गेला. तालुक्याला कानाची तपासणी केली तेव्हा कळलं, दोन्ही कान बरेच गेलेत. म्हातारपणी आधी उंच पट्टीचे आवाज जातात. बायकांचं आणि पोरांचं बोलणं ऐकू येतं पण कळत नाही, स, त, क अशी अक्षरं गळतात. पुरुषाचा जाड आवाज कळतो. त्यामुळं घरात "माझं ऐकत नाहीत, त्यांचं बरं ऐकतात" असा आरोप होतो. ओरडून उपयोग नाही, ओरडलं की म्हाताऱ्याला आपण रागावलोय असं वाटतं. समोर बसून, उजेडात, सावकाश बोलावं. वागणं एकाएकी बदललं असेल, कालपर्यंत शांत असलेला माणूस संशय घ्यायला लागला असेल, तर स्वभाव म्हणून सोडू नका. थायरॉईड, बी-१२, लघवीचं इन्फेक्शन, विसराळूपणाच्या आजाराची सुरुवात, काहीही असू शकतं. ‘अस्तु’ सिनेमात मोहन आगाशेंनी उभे केलेले शास्त्रीबुवा ज्यांनी पाहिलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. आमच्या आबांना यंत्र मिळालं. ते घरात लावत नाहीत. कीर्तनाला लावतात.

कीर्तनावरूनच मार्ग निघाला. आबा आणि नाना एकाच दिंडीत चालतात, एकमेकांशी न बोलता, मध्ये दोन रांगा सोडून. त्या दिंडीत दुसऱ्या गावचे एक वीणेकरी आहेत. आबांनी आयुष्यात फार थोड्या लोकांचं ऐकलं, त्यातले हे एक. प्रत्येक हट्टी माणसाचा असा एक माणूस असतो. तो बहुधा घरातला नसतो, वकील तर नसतोच, आणि भांडणात त्याचा काही फायदा नसतो. तो शोधणं हे मुलांचं काम. त्याला पढवायचं मात्र नाही. मी वीणेकरी माऊलींना फक्त मोजणीचा नकाशा दाखवला आणि विहिरीची गोष्ट सांगितली.

शासनाची सलोखा योजना जानेवारी २०२३ मध्ये आली ती नेमकी आमच्यासारख्यांसाठी. एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि त्याची पहिल्याच्या, असा परस्परांचा ताबा किमान बारा वर्षं असेल, तर अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क नाममात्र हजार रुपये आणि नोंदणी फी हजार रुपये. तलाठी पंचनामा करतो. नुसत्या बांध कोरण्याच्या भांडणाला ही योजना लागू नाही, आणि दोन्ही बाजूंची संमती लागते. योजनेची मुदत चालू आहे का, हे दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून मगच दस्त करा. आबांचा पहिला सवाल होता, "माझीच जमीन माझ्या नावावर करायला मी सरकारला हजार रुपये का देऊ?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. वीणेकरी म्हणाले, "विहीर कागदावर येईल, आबा." मग गाडी हलली. पंचनाम्याला वीणेकरी स्वतः येऊन बसले. नानांनी गाडीवाट सोडायचं तोंडी कबूल केलं होतं, ते आम्ही दस्तात घातलं.

तरी सहीच्या दिवशी आबा पुन्हा अडले. मला वाटतं, हे जमिनीचं नव्हतं. सही झाली की आपल्याला कुणी विचारणार नाही, ही भीती होती. तिला हसू नका. घरातल्या वाटणीत किंवा बक्षीसपत्रात म्हाताऱ्याची हयातभर वहिवाट, राहण्याची खोली, औषधपाणी स्पष्ट लिहा. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात कलम २३ आहे. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, अट मोडली तर न्यायाधिकरण रद्द ठरवू शकतं. ती अट दस्तात शब्दांत असलेली बरी. मुलांनी ती आपणहून घातली की निम्मा हट्ट तिथंच विरतो.

बहिणींचं मात्र अजून मिटलेलं नाही. आबांचा आग्रह की दोघींनी हक्कसोड करावी. थोरलीनं केली, धाकटी नाही म्हणाली, आणि तिला दिवाळीचा सांगावा गेला नाही. ११ ऑगस्ट २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा जन्मसिद्ध हक्क हा वादाचा विषय राहिलेला नाही. तिनं सोडला तर मोठेपणा, नाही सोडला तर गुन्हा नाही. सही मागायचीच तर वडील जिवंत असताना, समोर बसून, नकाराला जागा ठेवून मागा. तेराव्याला, रडून डोळे सुजलेल्या बाईपुढं कागद ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत. आबांना न विचारता भाऊबीजेला मी धाकटीकडं जातो. त्यांना ते ठाऊक आहे. ते विचारत नाहीत, मी सांगत नाही.

एक शेवटचं, कागदांविषयी. दस्त नोंदला म्हणजे काम झालं असं नाही, फेरफार मंजूर होऊन सातबारा दुरुस्त झाला की नाही हे बघून त्याची नक्कल काढून ठेवा. आमची आबांच्या ट्रंकेत आहे आणि किल्ली त्यांच्या करदोट्याला. मागितली तर "कशाला पाहिजे?" म्हणतात. मी नानांकडच्या प्रतीची झेरॉक्स करून आणली.