लाल बावटा : मोर्चात आणि गादीवर

साम्यवाद म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लेनिन, स्टॅलिन, रशिया आणि चीन येतात. पण आपलं चंदनसार ज्या पालघर जिल्ह्यात आहे, तोच जिल्हा महाराष्ट्रातल्या साम्यवादी चळवळीचा जुना बालेकिल्ला आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? आपल्या होस्टेलमध्ये डहाणू-तलासरीकडची मुलं आहेत. त्यांच्या घरी लाल बावटा हा परीक्षेतला पाच मार्कांचा प्रश्न नसून आजोबांची आठवण आहे. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलो. तिथे रशियन क्रांती पाठ केली, वारल्यांचा उठाव मात्र ऐकलासुद्धा नव्हता. म्हणून राज्यपद्धती म्हणून साम्यवादाच्या त्रुटी कोणत्या, हा विषय मी आपल्या जिल्ह्यापासूनच मांडणार आहे.

आधी चांगली बाजू. 1945 पर्यंत या भागात वेठबिगार चालू होती. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घेतले, की नवरा-बायको दोघंही त्याच्याकडे आयुष्यभर राबायचे. त्यांना 'लग्नगडी' म्हणत. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांनी किसान सभेतर्फे वारल्यांना संघटित केलं. मे 1945 मध्ये झरी गावी परिषद झाली आणि वेठ करायची नाही, असं ठरलं. 10 ऑक्टोबर 1945 रोजी तलवाडा इथे जमलेल्या आदिवासींवर ब्रिटिश सरकारच्या पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण हुतात्मा झाले. तरीही चळवळ थांबली नाही आणि वेठ संपली. गोदावरीबाईंनी हा सगळा इतिहास 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिला आहे. 1972 साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. थोडक्यात, ज्याला कुणी विचारत नव्हतं, त्याला साम्यवाद्यांनी इथे बोलायला शिकवलं.

आता दुसरं चित्र पाहू. 1 जून 1962 रोजी सोव्हिएत सरकारने मांस आणि लोण्याचे भाव एकदम वाढवले. नोव्होचेर्कास्क शहरातल्या रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात त्याच सुमारास कामाचे दर बदलल्यामुळे मजुरीही घटली होती. कामगारांनी संप केला, मोर्चा काढला. मोर्चात लाल झेंडे आणि लेनिनचे फोटो होते. 2 जूनला सैन्याने गोळ्या झाडल्या. 26 माणसं मेली, पुढे सात जणांना मृत्युदंड दिला गेला. प्रेतं गुपचूप वेगवेगळ्या ठिकाणी पुरली. जवळजवळ पंचवीस वर्षं देशातल्या वर्तमानपत्रांत याबद्दल एक ओळ छापून आली नाही.

तलवाड्यातही गोळी आणि इथेही गोळी. फरक असा, की इथे गोळी झाडणारं सरकार स्वतःला कामगारांचंच म्हणवत होतं. मग कामगाराने दाद मागायची कोणाकडे? माझ्या मते हीच या राज्यपद्धतीची पहिली आणि मोठी त्रुटी आहे. पक्ष म्हणजेच जनता, असं एकदा मानलं की पक्षाविरुद्ध बोलणारा आपोआप जनतेचा शत्रू ठरतो. दुसरा पक्ष नाही, स्वतंत्र युनियन नाही, स्वतंत्र कोर्ट नाही.

दुसरी त्रुटी आपल्याला लगेच कळेल, कारण ती कंट्रोल सिस्टिम्सच्या पेपरात येते. फीडबॅक नसेल तर सिस्टिम कितीही भारी असो, भरकटतेच. 1958 नंतर चीनमध्ये 'मोठी झेप' सुरू झाली. वरून टार्गेट आलं म्हणून खालच्या अधिकाऱ्यांनी पीक फुगवून कळवलं. त्या आकड्यांवर सरकारने धान्य उचललं आणि खेड्यांत कोट्यवधी लोक उपाशी मेले. खरं सांगणाऱ्याला शिक्षा आणि खोटं सांगणाऱ्याला शाबासकी असेल, तर खरा आकडा वर जाणार कसा?

तिसरी त्रुटी म्हणजे गुप्तता. चेर्नोबिलच्या रिअॅक्टरमध्ये कंट्रोल रॉड आत घालताना काही परिस्थितीत पॉवर कमी होण्याऐवजी आधी वाढते, हा दोष डिझाइन करणाऱ्यांना 1983 मध्येच कळला होता. पण तो चालवणाऱ्यांपर्यंत नीट पोहोचलाच नाही. 26 एप्रिल 1986 च्या रात्री काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. इंजिनिअर होणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं. दोष लपवला म्हणून तो नाहीसा होत नाही.

यावर कोणी म्हणेल, चीनने केवढी प्रगती केली ते बघ ना! केली, नक्कीच केली. पण ती 1978 नंतर, शेतकऱ्याला जमीन स्वतः कसायला आणि जास्तीचं पीक विकायला मोकळीक दिल्यावर. आणि कोणी म्हणेल, गोळीबार तर लोकशाहीतही होतात. होतात. 14 मार्च 2007 रोजी पश्चिम बंगालात नंदीग्रामला पोलीस गोळीबारात 14 जण मेले. तिथे तेव्हा डाव्या आघाडीचंच सरकार होतं. पण ती बातमी दुसऱ्याच दिवशी देशभर छापून आली, आणि 2011 मध्ये मतदारांनी 34 वर्षांचं ते सरकार घरी पाठवलं. नोव्होचेर्कास्कच्या कामगाराकडे ही सोय नव्हती.

आपल्या डहाणू मतदारसंघातही हेच दिसतं. मार्क्सवादी पक्ष इथे 2009 ला जिंकला, 2014 ला हरला, 2019 आणि 2024 ला परत जिंकला. हरल्यावर पुन्हा पाड्यापाड्यांवर जाऊन लोकांचं ऐकावं लागतं. मार्च 2018 मध्ये किसान सभेचे हजारो शेतकरी आणि आदिवासी नाशिकहून मुंबईपर्यंत चालत आले आणि सरकारला लेखी आश्वासन द्यावं लागलं. मॉस्कोत किंवा बीजिंगमध्ये असा मोर्चा निघू शकला असता का?

म्हणजे गरिबाला न्याय मिळावा, या विचारात खोट नाही. खोट आहे ती ज्याला बदलता येत नाही अशा सत्तेत. मग तिचा झेंडा कोणत्याही रंगाचा असो. वारल्यांनी सावकाराला 'नाही' म्हटलं, तो दिवस आपल्या जिल्ह्याचा अभिमान आहे. हे 'नाही' सरकारलाही म्हणता आलं पाहिजे, आणि म्हणणारा दुसऱ्या दिवशी सुखरूप घरी दिसला पाहिजे. कोणतीही राज्यपद्धती तपासायला माझ्या मते एवढी एक टेस्ट पुरे आहे.