साखळीपट्ट्याच्या जुन्या यंत्राचे जखडलेले भाग कसे सोडवावेत?

रणगाड्याशी शेतकऱ्यांचा संबंध काय, असा प्रश्न वाचकांस पडेल. परंतु टांगानिकातील भुईमूग योजनेसाठी (१९४७ ते १९५१) शर्मन रणगाड्यांच्या सांगाड्यावरून ‘शेरविक’ हे ट्रॅक्टर तयार करण्यात आले होते. साखळीपट्ट्यावर चालणारे यंत्र लढाईचे असो वा नांगरटीचे, त्याचा खालचा भाग सारख्याच रीतीने गंजतो. म्हणून जुना शर्मन दुरुस्त करण्याची पद्धत बुलडोझर चालविणाऱ्यासही उपयोगी पडेल.

शर्मनच्या प्रत्येक बाजूस तीन बोग्या आणि प्रत्येक बोगीस दोन चाके असतात. चाकांचे आर्म पिनेभोवती हलतात व त्यांचा भार पोलादी पट्टी शंकूसारखी गुंडाळून केलेल्या स्प्रिंगांवर येतो. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीत ग्रीस वाळते, पाणी शिरते आणि गंज चढतो. गंज हा मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे पिन पाचर ठोकल्यासारखी घट्ट बसते. अशा वेळी केवळ घण घालून पिनेचे डोके मात्र चेपते.

प्रथम गाडी भक्कम लाकडी ठोकळ्यांवर टेकवावी. केवळ जॅकच्या भरवशावर तिच्याखाली कोणीही शिरू नये. नंतर ग्रीस निपल काढून आतील वाळलेले ग्रीस तारेने उकरावे व तेथूनच डिझेल आणि थोडे इंजिन ऑईल यांचे मिश्रण सोडावे. हे काम आठ-दहा दिवस रोज करावे, मधूनमधून हलके ठोके द्यावेत. तेल आत झिरपण्यास वेळ लागतो, आणि मिस्त्रीला नेमका तोच द्यावयाचा नसतो.

तरीही पिन न हलल्यास तेल पुसून आर्मचे भोक बाहेरून चहूबाजूंनी सारखे तापवावे. पिन तापवू नये. ५० मिलिमीटर व्यासाचे भोक २०० अंश सेल्सिअसने तापल्यास सुमारे ०.१२ मिलिमीटर वाढते. एवढी फट पुरते. हायड्रॉलिक जॅकने पिनेवर दाब ठेवून पितळी तुकडा मध्ये धरून ठोका द्यावा. पिन किंचित हलताच ती ओढून काढण्याची घाई करू नये. मागे-पुढे करून पुन्हा तेल द्यावे.

तापविण्यापूर्वी ग्रीसची प्रत्येक पोकळी उघडी आहे याची खात्री करावी. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका क्रॉलर ट्रॅक्टरचा रोलर मी बूच न काढता तापविला. आतील ग्रीसची वाफ होऊन बूच गोळीसारखे माझ्या मदतनिसाच्या कानाजवळून गेले. त्या दिवशी तो वाचला, यात माझे काहीच कर्तृत्व नव्हते.

स्प्रिंगेस ज्योत कधीही लावू नये, तिचे पाणी उतरते. दाबलेली स्प्रिंग कापू तर नयेच. ती लांब आट्यांच्या बोल्टांनी धरून नट आळीपाळीने थोडेथोडे सैल करावेत व त्या वेळी तिच्या समोर कोणी उभे राहू नये.

पुन्हा जोडताना पिन व भोक घासून स्वच्छ करावे आणि कडेने नवे ग्रीस बाहेर दिसेपर्यंत ग्रीसगन चालवावी.