मक्याची माणसे

अमेरिका खंडाच्या मधल्या भागात माया नावाचे लोक राहतात. मेक्सिको देशाचा दक्षिण भाग आणि ग्वाटेमाला देश, हा त्यांचा जुना मुलूख. हे लोक मूळचे शेतकरी. मका हे त्यांचे मुख्य पीक. भाकरी मक्याची आणि देवही मक्याचा!

माणूस कसा झाला? ग्वाटेमालातील माया लोकांची जुनी कथा अशी आहे. देवांनी आधी मातीचा माणूस केला. तो पाण्याने विरघळला. मग लाकडाचा केला. त्याला ना मन, ना देवाची आठवण. शेवटी मक्याचे पीठ घेऊन माणूस घडवला. तो बोलू लागला, देवांचे उपकार मानू लागला.

युकातान हा त्यांचा एक प्रांत. तिथली जमीन चुनखडीची. पडलेला पाऊस जमिनीत मुरून जातो. उत्तरेकडे तर वाहती नदी दिसत नाही. जमीन खचून झालेले खोल डोह, तेच पाणी. पाऊस गेला तर मका गेला. म्हणून पावसाचा देव चाआक याला मोठा मान. त्याच्या हाती कुऱ्हाड असते. ती त्याने मारली की वीज चमकते, अशी समजूत.

देवाने जन्म दिला, त्याचे देणे फेडले पाहिजे, असे ते मानीत. म्हणून राजे-राण्या आपले अंग टोचून देवाला रक्त वाहत. चिचेन इत्सा गावच्या डोहात सोने टाकीत. माणसांचे बळीही देत. ही गोष्ट वाईट खरी, पण ती लपवून कशी चालेल?

पूजेचे दिवस ठरवायला २६० दिवसांचे पंचांग होते. झाडाच्या सालीचा कागद करून त्यावर पुजारी पोथ्या लिहीत.

पुढे स्पेन देशाच्या लोकांनी हा मुलूख जिंकला. १५६२ साली मानी गावात डिएगो दे लांडा या ख्रिस्ती धर्मगुरूने माया लोकांच्या पोथ्या जाळल्या. त्यांत सैतानाचे खोटे भरले आहे, असे त्याचे म्हणणे. लोकांना फार दुःख झाले, हेही त्यानेच लिहून ठेवले आहे. आज तशा जुन्या पोथ्या चारच उरल्या आहेत.

पावसाची पूजा मात्र शेतकऱ्यांनी तोंडी जपली. युकातानच्या काही गावांत ती आजही होते. त्या वेळी लहान मुले बेडकांसारखी ओरडतात. पण लिपी तोंडी कशी जपणार? पूर्वजांनी दगडावर कोरलेले पुढच्या पिढ्यांना वाचता येईना.

नवल असे की, लांडानेच ती काही अक्षरे आपल्या पुस्तकात उतरवली होती. त्यांच्या आधारे १९५२ साली युरी क्नोरोझोव या रशियन अभ्यासकाने लिपी वाचण्याची वाट दाखवली. आता काही माया तरुण ती लिपी पुन्हा गिरवीत आहेत. आपल्या पूर्वजांची नावे ते स्वतः वाचतात.

प्रश्न :
१. युकातानमध्ये पावसाच्या देवाला एवढा मान का?
२. पूजा टिकली, पण लिपी का विसरली?